मऊ खेळण्यांची निगा

नवरात्राच्या तोंडावर घरातील प्रत्येक वस्तू एकदा तरी पाण्याला लागावी, असा मराठी घरांचा जुना दंडक आहे. मुंबईतील एका खोलीचे बिऱ्हाड असो, बडोदे-इंदूरकडील जुना वाडा असो की दिल्लीतील सरकारी निवासस्थान असो, या दिवसांत पडदे उतरतात, चादरी आणि गोधड्या धुतल्या जातात, फडताळे रिकामी होतात. या उत्साहात मुलांच्या खेळण्यांकडेही लक्ष जाते. लाकडी बैल आणि पितळेची भातुकली पुसून ठेवता येते. लोकरीचे अस्वल किंवा कापसाने भरलेली कापडी बाहुली मात्र मळकट दिसते, म्हणून सरळ बादलीत बुडवली जाते. संध्याकाळी ती दोरीवर चिमट्यांनी लटकलेली असते. दुसऱ्या दिवशी वरून कोरडी लागते, तेव्हा मुलाच्या हाती परत दिली जाते. आठवड्याने तिला कुबट वास येऊ लागतो, अंगावर तपकिरी वलये उमटतात, पोटात गोळे हाताला लागतात. आणि अखेर एके दिवशी ती केरात जाते. दहा वर्षांच्या मळाने जे बिघडले नसते, ते एका दिवसाच्या धुण्याने बिघडलेले असते.

हे नुकसान हयगयीमुळे होत नाही. खेळणे कशाचे बनले आहे याचा विचार धुण्यापूर्वी झालेला नसतो, म्हणून ते होते. आज बाजारात मिळणारी बहुतेक भरीव खेळणी पॉलिएस्टरची असतात; त्यांतील पुष्कळशी धुण्याच्या यंत्रातही निभावून जातात. त्यांच्या सवयीने नैसर्गिक तंतूंच्या खेळण्यांना वागवले, की घोटाळा होतो. लोकर, मोहेर, सुती कापड, कापूस, सावरीचा कापूस आणि लाकडाचे बारीक छिलके हे सारे पदार्थ कधीकाळी सजीव असलेल्या प्राण्याच्या किंवा झाडाच्या अंगचे आहेत. प्रत्येकाचे पाण्याशी, उन्हाशी आणि साबणाशी असलेले नाते निराळे आहे.

या खेळण्यांची घडण समजण्यासाठी गादीचे उदाहरण पुरेसे आहे. गादीला खोळ असते आणि आत भरण असते. खोळ मळली की ती काढून धुतली जाते. पण कापूस भरलेली अख्खी गादी कोणी हौदात बुडवत नाही. ती उन्हात घालतात, झटकतात, कापूस दबला की पिंजाऱ्याकडून पिंजून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला हा नियम बाहुलीच्या बाबतीत मात्र विसरला जातो. बाहुली ही लहानशी गादीच आहे. फरक एवढाच, की तिची खोळ सहजासहजी निघत नाही. तेव्हा खोळ स्वच्छ करावी आणि भरण कोरडे राखावे, हे या साऱ्या विषयाचे सार होय. पुढील प्रत्येक सूचना या एका तत्त्वातूनच निघते.

प्रथम भरणाचा विचार करू जाता तीन प्रकार मुख्यत्वे आढळतात. पहिला साधा कापूस. तो पाणी भराभर शोषून घेतो, ओला झाला की दबतो आणि वाळताना त्याचे घट्ट गोळे होतात. हे गोळे बाहेरून कितीही चोळले तरी मोकळे होत नाहीत. दुसरा सावरीचा कापूस. याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असून त्यावर मेणासारखा लेप असतो. त्यामुळे तो अतिशय हलका आणि पाण्याला सहसा न भिजणारा आहे. बोटीवरील जीवरक्षक जाकिटांत एके काळी तो भरीत असत, ते याच गुणामुळे. परंतु हा तंतू ठिसूळ आहे. जुना झाला की त्याचा भुगा होऊ लागतो, आणि पिळला तर तो चुरडतो. तिसरे भरण म्हणजे लाकडाची लोकर. रंध्याखालून पातळ छिलके निघतात, त्यांचेच अतिशय अरुंद आणि लांब दोरे काढून ते खेळण्यात ठासून भरीत. जुन्या युरोपीय अस्वलांना दाबले असता कुरकुर असा आवाज येतो, तो या भरणाचा. हे लाकूड पाण्याने फुगते, त्यातील तपकिरी द्रव्य विरघळून वरच्या कापडावर डाग उमटवते आणि आत बुरशीला उत्तम आसरा मिळतो.

अशा अस्वलांचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण त्यावरून त्यांच्या पोटात काय काय असते याची कल्पना येते. जर्मनीतील गींगेन गावी मार्गारेटे श्टाइफ ही बाई राहत असे. बालपणी पोलिओ झाल्यामुळे तिला चालता येत नसे. 1880 साली तिने नमद्यासारख्या लोकरी कापडाचा एक छोटा हत्ती शिवला. तो टाचण्या खोवण्यासाठी होता, पण मुलांनीच तो खेळायला घेतला. पुढे 1902 साली तिचा पुतण्या रिखार्ड याने हातपाय हलणाऱ्या अस्वलाचा आराखडा केला आणि 1903 साली ते अस्वल लाइपझिगच्या जत्रेत मांडले गेले. योगायोग असा, की त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर 1902 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले. त्या प्रसंगावर क्लिफर्ड बेरीमन यांनी व्यंगचित्र काढले, आणि रूझवेल्ट यांच्या ‘टेडी’ या घरगुती नावावरून खेळण्यातील अस्वलाला जगभर ‘टेडी’ म्हणू लागले. या जुन्या अस्वलांची कातडी मोहेरची, म्हणजे अंगोरा जातीच्या बकरीच्या केसांची असे. सांध्यांत पुठ्ठ्याच्या चकत्या आणि लोखंडी खिळी, डोळ्यांच्या जागी तारेला अडकवलेले काचेचे मणी किंवा बुटाची बटणे, आणि कित्येकांच्या पोटात आवाज काढणारी पेटी असे. म्हणजे असे अस्वल पाण्यात बुडवणे हे एकाच वेळी लोकर, लाकूड, पुठ्ठा आणि लोखंड पाण्यात बुडवण्यासारखे आहे. लोकर वाळेलही; पण पुठ्ठा लिबलिबित होतो, हातपाय लुळे पडतात आणि खिळीचा गंज सांध्याभोवती लालसर डाग होऊन बाहेर येतो.

विलायतेहून आणलेले असे एखादे अस्वल काही मराठी घरांतून अजून जपलेले आढळते. परंतु नैसर्गिक तंतूंची खेळणी म्हणजे केवळ तीच नव्हेत. आजीने जुन्या लुगड्याच्या तुकड्यांतून शिवलेली बाहुली, सुईवर विणलेला लोकरीचा ससा, खादीच्या कापडाचा हत्ती, हिमालयाकडून प्रवासात आणलेला नमद्याचा याक ही सारी याच कुळातील मंडळी होत.

आता वरच्या कापडाकडे वळावे. सुती कापड वनस्पतीचे आहे. ते ओले झाले असता दुबळे न होता उलट किंचित बळकट होते. साबण, सोडा आणि ऊन यांना ते बऱ्याच अंशी तोंड देते. लोकर आणि मोहेर यांची गोष्ट उलट आहे. माणसाचे केस आणि नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याच केराटिन नावाच्या प्रथिनाची ती बनलेली आहेत. ओली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा दुबळी असते. तिच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांचे तोंड एकाच दिशेला असते. ऊन पाणी, साबण आणि चोळणे या तिहींचा मारा झाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आटते, जाड होते, घट्ट बसते. काश्मिरातील नमदा मुद्दाम याच रीतीने बनवतात. पण नमदा व्हावा म्हणून कोणी सशाला आंघोळ घालत नाही. मोहेरचे खवले अधिक सपाट असतात. त्यामुळे त्याला रेशमासारखी चमक असते आणि ते लोकरीइतके लवकर आटत नाही. तरी त्याची झळाळी आणि उभे केस एकदा गुंतले, की पूर्ववत होणे कठीणच.

खेळणे कशाचे आहे हे ठाऊक नसेल, तर एक सोपी परीक्षा करता येते. शिवणीच्या आतील बाजूचा एकच धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर तो जाळावा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली, तर ती लोकर किंवा मोहेर. कागद जळाल्याचा वास आला, तर सूत. वितळून त्याचा कडक मणी झाला, तर तो धागा कृत्रिम समजावा. ही परीक्षा मोठ्यांनीच, मुले जवळ नसताना करावी.

याच्या जोडीला रंगाची परीक्षाही आवश्यक आहे. खेळण्याच्या पाठीमागे किंवा बगलेत, सहज न दिसणाऱ्या जागी, ज्या द्रावणाने स्वच्छता करायची त्याचा एक थेंब लावावा आणि दोन-तीन मिनिटांनी पांढरे सुती फडके त्यावर दाबावे. फडक्यावर रंग उतरला, तर पाण्याचा विचारच सोडून द्यावा. लाल, काळा आणि गडद निळा या रंगांविषयी विशेष सावध असावे. अंगावर निरनिराळ्या रंगांचे तुकडे असतील, तर प्रत्येक तुकड्याची परीक्षा वेगळी घ्यावी.

संग्रहालयांतून जुनी वस्त्रे राखणारे तज्ज्ञ एक नियम पाळतात : आधी कोरडी स्वच्छता, आणि गरज उरली तरच ओली. ए. ए. मिल्न यांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसासाठी 1921 साली लंडनमध्ये घेतलेले अस्वल पुढे ‘विनी-द-पू’ म्हणून प्रसिद्धीस आले. ते 1987 पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे आणि 2016 साली तज्ज्ञांच्या हातून दुरुस्त होऊन पुन्हा लोकांसमोर मांडले गेले. घरातील खेळणे एवढे प्रसिद्ध नसले, तरी त्याच्या घरापुरते ते तेवढेच एकमेव असते. म्हणून संग्रहालयाचा हा नियम घरातही लागू करण्यास हरकत नाही.

कोरड्या स्वच्छतेला साहित्य थोडेच लागते. खेळणे स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवावे आणि लहान मुलाच्या केसांचा मऊ ब्रश घेऊन, केसांच्या वळणानेच, डोक्याकडून पायाकडे हळूहळू फिरवावा. उलट फिरवल्यास धूळ मुळाशी जाते. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर त्याचा जोर सर्वांत कमी ठेवावा आणि नळीच्या तोंडावर मलमलीचा तुकडा दोऱ्याने बांधावा. यामुळे सुटलेले केस किंवा सैल झालेला डोळा नळीत ओढला जात नाही. तेलकटपणा असेल, तर मक्याचे पीठ किंवा चाळलेली मुलतानी माती अगदी थोडी भुरभुरून काही तास तशीच ठेवावी आणि मग ब्रशाने पूर्णपणे काढून टाकावी. गडद रंगाच्या कापडावर मात्र मातीचा पांढुरका थर राहण्याचा संभव असतो. खेळण्याचा मळ म्हणजे बहुतांशी धूळ आणि हातांचे तेल. पुष्कळ खेळण्यांचे काम एवढ्यावरच भागते, आणि भागत असेल तर तेथेच थांबणे शहाणपणाचे आहे.

ओल्या स्वच्छतेची वेळ आलीच, तर पाण्याऐवजी फेस वापरावा. फेसात पाण्याचा अंश फार थोडा असतो; तो वरचा मळ सोडवतो, पण भरणापर्यंत झिरपत नाही. यासाठी रिठ्यासारखे दुसरे द्रव्य सहसा हाताशी नसते. पैठणी, शालू आणि पश्मिना यांच्यासाठी रिठा वापरण्याची रीत आहे, ती निष्कारण नाही. धुण्याचा सोडा आणि साधा साबण अल्कधर्मी असतात, आणि अल्क लोकरीचे तंतू पोखरते. रिठ्याचे पाणी अल्कधर्मी नसते. पाच-सहा रिठ्यांतील बिया काढून टाकून टरफले अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी कुस्करून पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे आणि ताक घुसळण्याच्या रवीने ते घुसळावे. वर जो घट्ट फेस येतो, तेवढाच चमच्याने उचलून घ्यावा. हे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. तेव्हा मुलांना दूर ठेवावे. रिठ्याचा पिवळसर रंग शुभ्र कापडावर चढू शकतो. त्यामुळे पांढऱ्या खेळण्यासाठी लोकरीच्या कपड्यांकरिता मिळणारे सौम्य द्रव अर्धा चमचा, एक लिटर कोमट पाण्यात घालून त्याचा फेस करावा. मात्र प्रथिने विरघळवणारी एन्झाइमे असलेली कपडे धुण्याची पावडर घेऊ नये. डाळीचा किंवा दुधाचा डाग ज्या गुणाने ती काढते, त्याच गुणाने ती लोकरही खाते. ब्लीचिंगचे द्रावण तर लोकरीला साक्षात विषच. त्यात लोकर हळूहळू विरघळून जाते.

पाण्याच्या जातीचाही विचार करावा लागतो. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील चुना आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन राखी रंगाचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांत अडकून बसतो. धुतल्यानंतर खेळणे अधिकच मळकट दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. जड पाण्याच्या गावी साबण टाळून वर सांगितलेली द्रव्ये वापरावीत.

फेस तयार झाला, की तळहाताएवढा भाग घेऊन मऊ ब्रशाने तो केसांवर फिरवावा, दाबू नये. लगेच स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या पांढऱ्या सुती फडक्याने तो भाग दोनदा पुसून घ्यावा आणि कोरड्या पंचाने टिपावा. मग शेजारचा भाग घ्यावा. एका जागी फार वेळ रेंगाळल्यास तेथे पाण्याचे वलय उमटते. लोकर किंवा मोहेर असेल, तर शेवटच्या पुसण्याच्या पाण्यात दर लिटरला एक चमचा पांढरा व्हिनेगर घालावा. राहिलेला अल्काचा अंश त्याने निघून जातो आणि सौम्य आम्ल लोकरीला मानवते. डोळे, नाक आणि सांधे यांच्याजवळ फेसही लावू नये. तेथे किंचित ओलसर फडके पुरे.

यानंतरचे काम धुण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे, ते म्हणजे वाळवणे. खेळणे कान धरून टांगू नये. ओल्या कापडावर सारा भार येऊन शिवण ताणते. बुरुडाची वेताची किंवा बांबूची टोपली पालथी घालावी आणि तिच्यावर खेळणे निजवावे, म्हणजे खालूनही हवा खेळते. जागा सावलीची असावी आणि पंखा दुरून लावावा. प्रखर उन्हाने लोकर पिवळी पडते, तंतू दुबळे होतात आणि रंग उडतो. विजेच्या यंत्राने गरम हवा सोडणे किंवा इस्त्री फिरवणे हेही टाळावे. केस अर्धवट ओले असतानाच एकदा ब्रश फिरवला, म्हणजे ते उभे राहतात. खेळणे खरोखर वाळले की नाही हे हाताला कळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषून घेऊनही कोरडीच भासते. म्हणून स्वच्छतेला आरंभ करण्यापूर्वी स्वयंपाकघरातील काट्यावर खेळण्याचे वजन करून लिहून ठेवावे. ते पुन्हा त्या वजनावर आले, की काम पुरे झाले असे समजावे. याला दोन दिवसही लागू शकतात.

येथे ऋतूचा प्रश्न येतो. मुंबई, कोकण, गोवा किंवा कोलकाता येथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच पाण्याने जड झालेली असते. त्या दिवसांत ओले केलेले खेळणे वाळत नाही, ते कुजते. नवरात्राच्या धुण्यात ही खेळणी घालू नयेत याचे हेही एक कारण आहे. पाऊस पुरता ओसरून कोरडी हवा सुटली, म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस त्यांना चांगले. नागपूर-इंदूरकडे उन्हाळ्यातील कोरडी हवाही सोयीची. फक्त सावली सोडू नये.

कापसाने भरलेल्या कापडी बाहुलीला याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे, तो गादीचाच. पाठीवरची शिवण चार-सहा टाक्यांपुरती उसवावी, कापूस बाहेर काढावा, रंग पक्का असल्याची खात्री करून रिकामी खोळ हाताने धुवावी आणि वाळवावी. कापूस कोरडाच उन्हात घालावा, बोटांनी पिंजावा. फार जुना झाला असेल तर बदलावा आणि पुन्हा भरून शिवण घालावी. केस, कपाळाचे कुंकू, भरतकामाचे डोळे यांचे रंग मात्र आधी तपासावेत. सुती बाहुलीवर हळदीचा डाग पडला असता साबण लावताच तो लाल होतो. त्याने घाबरून जाऊ नये. हळदीचा रंग अल्काने तांबडा होतो आणि उन्हाने उडतो, तेव्हा खोळ धुऊन उन्हात घातली की डाग फिका पडत जातो. दूध, रक्त किंवा ओकारी यांचे डाग थंड पाण्यानेच काढावेत. ऊन पाण्याने त्यांतील प्रथिने गोठतात आणि डाग कायमचा बसतो. मुलाने खेळण्यावर लघवी केली आणि ती भरणापर्यंत गेली, तर वरवर पुसण्यात अर्थ नाही; शिवण उसवून भरण बदलणे हाच उपाय आहे.

मळ दिसतो, पण काही गोष्टी दिसत नाहीत. धुळीतील सूक्ष्म किडे एक मिलिमीटरच्या पाव भागाएवढे असतात, गाद्या-उशांप्रमाणे भरीव खेळण्यांतही राहतात आणि त्यांच्या विष्ठेने काही मुलांचा दमा बळावतो. ऊन पाण्याने, म्हणजे सुमारे 60 अंश सेल्सिअसला धुतल्यास ते मरतात, पण लोकरीचे खेळणेही त्याबरोबर जाते. त्यावर तोडगा थंडीचा आहे. खेळणे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधावे आणि शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात उणे 18 अंशांवर एक दिवस ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये; आतील वस्तू घराच्या उष्णतेला आली, म्हणजे उघडावी. नाहीतर हवेतील बाष्प तिच्यावर दव होऊन बसते. थंडीने किडे मरतात, पण त्यांची विष्ठा राहते. तेव्हा नंतर कोरडी स्वच्छता हवीच. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्या आढळल्या, तर याच रीतीने दोन आठवडे ठेवावे. दमेकरी मुलासाठी मात्र वैद्यकीय सल्ला घेऊन झोपताना धुता येण्याजोगे खेळणे द्यावे आणि नाजूक खेळण्याची जागा फडताळात ठेवावी.

कसरीपासून बचाव म्हणून डांबराच्या गोळ्या घालण्याची चाल आहे. मुलांच्या खेळण्यांत ती सर्वस्वी वर्ज्य समजावी. गोळीचा सुटा खडा मिठाई समजून मूल तोंडात घालते, ही एक भीती. दुसरी भीती अधिक मोठी आहे. काही मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत एक विशिष्ट एन्झाइम जन्मतः कमी असते. भारतातही अशी मुले आहेत आणि ते आईबापांना पुष्कळदा ठाऊक नसते. अशा तान्ह्या मुलाला नॅफ्थलीनचा वास लागलेले कपडे किंवा पांघरूण दिल्यानेही रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कडुलिंबाचा पाला वाळवून ठेवण्याची जुनी रीत निरुपद्रवी आहे, पण तीवर सारा भरवसा टाकू नये. कसर मळलेल्या, घामाच्या आणि अन्नाच्या डागांच्या लोकरीकडे अधिक वळते. म्हणून खेळणे स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावे, यासारखा राखणदार नाही. प्लास्टिकमध्ये बंद करून वर्षानुवर्षे ठेवू नये. राहिलेला ओलावा तेथे कोंडला जातो.

एवढी सगळी काळजी सांगितल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती कापडाची नसून मुलाची आहे. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी 1951 साली एका निबंधात लहान मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंचा विचार मांडला. आई आणि बाहेरचे जग यांच्यामधील वाट तान्हे मूल एकट्याने चालू लागते, तेव्हा एखादे फडके किंवा मऊ खेळणे त्याची सोबत करते. ती वस्तू मळली, तिला वास येऊ लागला, तरी समजूतदार आई ती मळू देते. कारण ती धुतल्याने मुलाच्या अनुभवातील सलगता तुटते, असे त्यांचे निरीक्षण होते. मोठ्यांना जो नुसता मळ वाटतो, त्यात मुलाला आपल्या अंथरुणाचा आणि आईच्या पदराचा वास येत असतो. तो वास गेला, की तेच अस्वल मुलाला परके वाटते, आणि त्याचे रडणे हट्टाचे नसते.

याचा अर्थ घाण तशीच राहू द्यावी असा नव्हे. ओकारी, लघवी, बुरशी आणि किडे यांना क्षमा नाही. पण धूळ ब्रशाने जाते, हातांचे तेल पिठाने निघते, आणि उरलेल्या किंचित मळाने कोणाचे काही बिघडत नाही. स्वच्छता करायचीच असेल, तर मुलाला आधी सांगावे, शक्य तर ब्रश त्याच्याही हाती द्यावा, आणि टोपलीवर निजलेले अस्वल वाळेपर्यंत त्याच्या नजरेसमोर ठेवावे. आपली लाडकी वस्तू नाहीशी झालेली नाही, ती केवळ विश्रांती घेत आहे, हे त्याला दिसले पाहिजे. खोळ स्वच्छ, भरण कोरडे आणि मूल निश्चिंत राहिले, म्हणजे खेळण्याची निगा नीट राखली गेली असे समजावे.